जहाजाला ब्रेक नसतो

नागपूरच्या माणसाची रत्नागिरीत पहिली पंचाईत होते ती सरळ रस्ता न सापडण्याची. आमच्याकडे रस्ता एकदा सुटला की सुटला. मधे एखादं गाव आलं तर तेवढ्यापुरता वाकतो आणि पुन्हा आपला सरळ. इकडे रस्त्याला सरळ जायचं जणू वावडं आहे. समुद्र दिसला की वळतो, खाडी आली की वळतो, काहीच आलं नाही तरी सवयीने वळतो. मी तिथे दहा-बारा दिवस राहून आलो, आणि अजून स्वप्नातसुद्धा स्टिअरिंग फिरवतोय.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे मी तिथे कशाला तडमडलो ते कळेल. नागपूरला माझं गॅरेज आहे आणि तिथे मुळातच वेगवान असलेल्या गाड्या आणखी वेगवान होतात. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा, हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायची वाट मोकळी करायची, गाडी जमिनीलगत बसवायची. लोक याला नसती थेरं म्हणतात. म्हणोत. चांगल्या इंजिनाचा आवाज ऐकला की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

विनू माझा हॉस्टेलचा सोबती. रत्नागिरीचा, दर्यावर्दी घराण्यातला. आता मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर. हॉस्टेलात त्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एका जर्मन सेडानचं चित्र चिकटवलेलं होतं. उभी हयात दर्यावर घालवून त्याने शेवटी तशीच गाडी घेतली. सहा सिलिंडर, टर्बो, ताकद मागच्या चाकांना. मागच्या सुट्टीत त्याने मुंबईहून आखूड स्प्रिंगा बसवून तिला आणखी खाली आणली. यंदा डिसेंबरात त्याचा फोन आला, तो मात्र रडवेल्या आवाजात. सुजाता, त्याची बायको, म्हणते गाडी विका, परत जहाजावर जायच्या आत विका. का ते सांगत नाही. तू ये आणि गाडी अशी करून दे की ती एकदा बसली की तिचं मन फिरलं पाहिजे.

मी लॅपटॉप घेतला, चार हत्यारं घेतली आणि निघालो.

जयगडच्या वाटेवर

विनू स्टेशनवर गाडी घेऊन आला होता. मी आधी त्याला भेटलो की गाडीला, हा प्रश्न त्याने नंतर सगळ्यांना विचारून माझी लाज काढली. काळीभोर, रुंद खांद्यांची गाडी. एकच गोष्ट डोळ्यांत खुपली, पुढच्या डाव्या चाकाची रिम कडेने चांगलीच खरवडली होती. विनू म्हणाला, सुजाताच्या हातून पार्किंग करताना लागलं असं ती म्हणते.

त्याने मुद्दाम समुद्राच्या रस्त्याने नेलं. आरे-वारेची चढण चढून एका वळणावर आलो आणि खाली एकदम सगळा समुद्र उघडला. मी समुद्र पाहिलेला आहे, चौपाटीवर भेळ खात पाहिलेला आहे. पण असा पायाखाली, डोळ्यांत न मावणारा, पांढऱ्या वाळूच्या दोन लांब किनाऱ्यांना कवेत घेऊन बसलेला समुद्र मी पाहिला नव्हता. मी विनूला गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ कठड्याशी उभा राहिलो. विदर्भातला माणूस एवढं पाणी एका ठिकाणी पाहून गप्प होतो, यात आश्चर्य नाही.

विनूचं गाव जयगडच्या वाटेवर, खाडीच्या वरच्या अंगाला. घर कौलारू नाही, चांगलं नवं स्लॅबचं. पण फाटकाशी जांभ्या चिऱ्यांचा चढ, आणि चढ संपतो तिथे उंबरठ्यासारखा उंचवटा. विनूने गाडी सावकाश वर घेतली, पुढची चाकं पलीकडे उतरली, आणि कर्रकन आवाज होऊन गाडीचं पोट त्या चिऱ्यावर बसलं. पुढे जाईना, मागे येईना. एवढी अफाट ताकदीची गाडी, आणि मागची चाकं जागच्या जागी लाल धूळ उडवत होती.

मला वाटलं आता क्रेन. पण खालच्या वाडीतून माणसं फळ्या घेऊन वर आली. होडी किनाऱ्यावर ओढताना खाली घालायच्या त्या फळ्या. वर्षानुवर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेल्या. जॅक लावून एकेक चाक उचललं, खाली फळ्या सारल्या, आणि होडीला देतात तसा एका सुरात आवाज देऊन त्यांनी ती गाडी अशी अलगद अंगणात आणली की पोटाला आणखी ओरखडा नाही. मी थक्क होऊन बघत राहिलो. त्यातल्या एका म्हाताऱ्याने जाता जाता विनूला विचारलं, "येवडी खाली कशाला केलास रं? घरात न्यायची हाय की घराखाली?"

ओसरीवर विनूची आई बसली होती. सगळे तिला माई म्हणतात. ती हसली नाही, पण तिचा पदर हलत होता.

सुजाता वहिनींनी पाणी आणून दिलं. शांत बाई. गावातल्या आंब्याचा पल्प काढायचा त्यांचा छोटा कारखाना आहे आणि तो त्या एकट्या चालवतात. मी म्हटलं, वहिनी, गाडी विकायला काढली म्हणे. तर म्हणाल्या, "हो भावजी. हे जायच्या आत. माझं ठरलंय." आणि जेवायला काय करू ते विचारलं.

त्या रात्री तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी होती. आमच्याकडचं जेवण ज्वारीच्या भाकरीशी आणि तिखटाशी झुंज घेत जेवायचं असतं. इकडे तिखट हळूच येतं, खोबऱ्यामागे लपून. मी शिंपल्यांचा केवढा ढीग लावला ते माईंनी बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या बांगड्याने मात्र माझी फजिती केली. काटा काढायला मला चष्मा लागला, आणि माई म्हणाल्या, हा नागपूरचा माणूस मासा वाचतोय.

सड्यावर

आम्ही दोघांनी मनाशी बेत पक्का केला होता. इंजिनाचा प्रोग्रॅम बदलायचा, एक्झॉस्ट मोकळा करायचा. त्याआधी वहिनींना गाडीची मूळ ताकद दाखवायची, म्हणजे पुढच्या वाढीची गोडी लागेल. विकत घेणाऱ्याला आधी चव देतात तसं. वाडीच्या फळ्यांवरून गाडी पुन्हा फाटकाबाहेर काढली, वहिनींना मागे बसवलं आणि निघालो.

कोकणात सरळ रस्ता नाही असं मी म्हटलं, ते अगदीच खरं नाही. सड्यावर थोडा मिळतो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्या कातळाचं पठार. झाड नाही, माती नाही, नजर पोचेल तिथपर्यंत काळपट लाल दगड आणि त्यावर वाळलेलं सोनेरी गवत. पलीकडे आभाळ आणि आभाळाखाली समुद्राची रेघ. पृथ्वी नवी असताना अशीच असेल, असं मला वाटून गेलं. बंदराकडे जाणारे ट्रक निघून गेले, रस्ता रिकामा झाला आणि विनूने पाय दाबला.

पाठ सीटला चिकटली. सहा सिलिंडरचा तो स्वर आधी छातीत वाजला, मग कानात. माझा जन्म यातच गेला, तरी प्रत्येक वेळी मला हा प्रकार चमत्कारच वाटतो. मी वळून मागे पाहिलं. वहिनी रस्त्याकडे बघत नव्हत्या. त्या विनूच्या उजव्या पायाकडे बघत होत्या, आणि त्यांची बोटं दाराच्या मुठीवर पांढरी पडली होती.

गाडी थांबल्यावर विनूने मोठ्या आशेने विचारलं, कशी काय? वहिनी म्हणाल्या, "झालं? आता विका."

परतताना विनू अगदी पडेल चेहऱ्याने चालवत होता. मी त्याला चिडवायला म्हटलं, वळणावर ब्रेक मारायचा तुला आळस आहे. तो म्हणाला, "सवय कुठली असणार? जहाजाला ब्रेक नसतो. थांबवायचं तर इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची." आम्ही दोघं हसलो. मागच्या सीटवरून हसल्याचा आवाज आला नाही.

देवीसमोर

माईंनी तोड काढली. घरात दोन तोंडं दोन दिशांना असली की इकडे ग्रामदेवीला कौल लावतात. आमच्याकडे असं काही झालं तर मोठा भाऊ ओरडतो आणि तेच निकालपत्र. इथे गुरव मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो, देवीला गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार. जर्मन सेडान विकायची की ठेवायची, हे विचारायला आम्ही सगळे पायी देवळात गेलो. गाडी नेली नाही. फाटकाशी उंचवटा होता.

मी मनातल्या मनात हसत होतो, हे कबूल. पण देऊळ आत काळोखं आणि थंड होतं, समईच्या उजेडात देवीचे चांदीचे डोळे तेवढे दिसत होते, आणि म्हातारे गुरवकाका हात जोडून उभे राहिले तसं माझं हसू कुठच्या कुठे गेलं. खणखणीत आवाजात त्यांनी गाऱ्हाणं घातलं, लेकरं तुझ्या पायाशी आली आहेत, घरात एकमत नाय, काय ता खरा दाखव. प्रत्येक वाक्यावर बाकीचे म्हणत, "व्हय म्हाराजा." दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मीही म्हटलं.

पाकळ्या हलल्या नाहीत.

पुष्कळ वेळ गेला. बाहेर कुठेतरी कोंबडा आरवला. गुरवकाकांनी पुन्हा विनवलं, पाणी शिंपडलं, पाकळ्या तशाच. मग ते आमच्याकडे वळले. म्हणाले, देवी अर्ध्या गाऱ्हाण्याला उत्तर देत नाय. गाडी विकायची ती का, ता कोणी बोललाच नाय. कोणाच्या तरी पोटात हाय ता बाहेर येऊ द्या.

विनू माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे. आणि वहिनी बोलायला लागल्या, आमच्याशी नाही, देवीशी.

त्यांची मुलगी सई कोल्हापूरला शिकते. ऑक्टोबरात तिला घेऊन त्या आंबा घाटातून खाली येत होत्या. पोरगी शेजारी झोपली होती. अर्धा घाट उतरल्यावर जळका वास आला आणि पुढच्या वळणावर ब्रेकवरचा पाय थेट खाली गेला, लोण्यात गेल्यासारखा. गाडी थांबेना. त्यांनी डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं आणि घासत घासत ती थांबवली. सई जागी झाली तेव्हा तिला सांगितलं, जरा थांबलेय, पाय अवघडलाय. झाडाखाली बसून राहिल्या. मग पाय ठेवून पाहिला तर ब्रेक पूर्ववत. गॅरेजवाल्याने तपासून सांगितलं, गाडीत काही दोष नाही.

"मग मला वाटलं दोष माझ्यातच आहे," त्या म्हणाल्या. "मला ही गाडी झेपत नाही. आणि हे तर तिची ताकद अजून वाढवायला निघाले."

विनू त्यांच्याकडे वळला. "सुजाता, मी रोज फोन करत होतो. रोज विचारत होतो."

"तुम्ही जहाजावर होतात," वहिनी म्हणाल्या.

माझ्या चेहऱ्यावरून माईंना कळलं असावं की मला अर्थ लागलेला नाही. त्यांनी हळू आवाजात सांगितलं. दर्यावर्द्याच्या घरात रीत आहे, माणूस पाण्यावर असला की घरची वाईट बातमी त्याला कळवायची नाही. तो तिथून काही करू शकत नाही, आणि इंजिनापाशी उभ्या माणसाचं लक्ष घरी असलं तर हात जातो. सासऱ्यांचं आजारपण माईंनी असंच नवऱ्यापासून लपवलं होतं. "ह्यांनी परत आल्यावर विचारलंन, बाबा कुठायत? तेव्हा सांगितलं," माई म्हणाल्या. विनूही मग बोलला, खाली मान घालून. गेल्या सफरीत इंजिन रूममध्ये आग लागली होती. त्यानेही घरी सांगितलं नव्हतं.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो. देवीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गुरवकाका वळले तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या, आणि कुठली आधी पडली ते कोणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुमच्यावरच सोपवलंन आईनं."

मी तसा देवभोळा नाही. पण त्या पायऱ्या उतरताना माझे हात आपोआप जोडले गेले.

हातखंबा, आणि गॅरेजात

घरी येऊन मी सरळ गाडीपाशी गेलो आणि ब्रेकच्या तेलाची बाटली उघडली. आपण ब्रेक दाबतो तो जोर हे तेल चाकांपर्यंत नेतं, आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नागपूरच्या कोरड्या हवेत वर्षं जातात, काही होत नाही. इकडे खाडीच्या दमट हवेत, कोकणातला अख्खा पावसाळा काढून ते तेल काळपट झालं होतं. घाटात सतत ब्रेक दाबला की ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेवर पाय ठेवला तर तो खालीच जाणार. गार झालं की सगळं ठाकठीक. गॅरेजवाला खोटं बोलला नव्हता, आणि वहिनींचं तर काहीच चुकलं नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं नीट पुन्हा समजून घेतलं आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळाने माईंनी खूण करून मला सांगितलं, रडतेय, रडू दे, बरं आहे ते.

आता प्रश्न उरला, या गाडीत काय बदललं तर त्याला अर्थ आहे? मी विनूला म्हटलं, ताकद आहे तेवढी पुष्कळ. या रस्त्यावर ती निम्मीही वापरता येत नाही. इथे गाडी किती लवकर पळते याला महत्त्व नाही, किती वेळा थांबते याला आहे. जास्त उष्णतेला टिकणारं ब्रेकचं तेल, घाटात दम न सोडणारे पॅड, रबराच्या जागी पोलादी वेणीचे पाइप, ओल्या रस्त्याला धरून राहणारे टायर. आणि त्या आखूड स्प्रिंगा काढून मूळच्या बसवायच्या. विनूने एक्झॉस्टचं नाव काढलं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मूळच्या स्प्रिंगा माळ्यावर निघाल्या, जुन्या जाळ्यात गुंडाळलेल्या. दर्यावर्दी माणूस काही टाकून देत नाही. बाकीचा माल मुंबईहून खासगी बसने आला. आम्ही पहाटे हातखंब्याच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, जाऊन उभे राहिलो. तिथे अशी बरीच माणसं आपापल्या पार्सलची वाट बघत होती. कोणाच्या औषधांच्या पेट्या, कोणाची लग्नाची साडी, आमचे ब्रेक पॅड. क्लीनर बसच्या पायरीवरूनच नावं पुकारत होता आणि कुणी कुणाचं उचलून नेत नव्हतं. नागपूरला असं करून पाहण्याची माझी छाती नाही.

शहराबाहेरच्या, विनूच्या ओळखीच्या एका गॅरेजात मी बाह्या वर केल्या. काम नेटकं झालं. शेवटी पाइपातली हवा काढायची होती. मी चाकाशी बसतो, आत एकजण पेडल दाबून धरतो, मी हवा सोडतो. विनू सीटवर बसायला निघाला, पण वहिनी आधीच दार उघडून बसल्या होत्या.

दाबा. धरा. सोडा. पुन्हा दाबा. पाइपातून आधी काळं तेल आलं, बुडबुडे आले, मग स्वच्छ मधासारखी धार. चारही चाकं झाली. मी म्हटलं, आता दाबून बघा. वहिनींनी दाबलं, सोडलं, परत दाबलं, आणि किती वेळ नुसत्या दाबत राहिल्या.

"दगडासारखा लागतोय," त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "उद्या घाटात जाऊ. मी चालवते."

आंबा घाट

साखरप्याला चहा घेतला आणि चढायला लागलो. वहिनी स्टिअरिंगवर, विनू शेजारी, मी मागे. सह्याद्री असा समोरून अंगावर येताना मी प्रथमच पाहत होतो. उंच, हिरवा-काळा, माथ्यावर ढगाची चिंधी अडकलेली. आमच्या सातपुड्याचं मला कौतुक आहे, पण तो तुम्हाला जवळ घेतो. हा उभा राहतो आणि बघतो, तुम्ही काय करता ते.

माथ्यावर गाडी वळवली. आता उतार. मी एवढंच सांगितलं की गिअर आपल्या हातात घ्या, खालच्या गिअरात ठेवा, इंजिनच गाडी धरून ठेवेल, ब्रेक गरजेपुरता. विनू पुटपुटला, म्हणजे जहाजासारखंच. वहिनींनी मान हलवली.

पहिली वळणं त्यांनी फार जपून घेतली. मग हळूहळू काहीतरी बदललं. वळणाआधी दाब, सोड, वळण, मग अलगद ताकद. पुन्हा. मी कितीतरी शौकीन पोरांना महागड्या गाड्या चालवताना पाहिलं आहे, पण तो घाट त्या ज्या लयीत उतरल्या तसं कोणाला चालवताना पाहिलं नाही. इंजिन खालच्या सुरात गुरगुरत होतं, दरीतून गार वारा येत होता, आणि मला एकदम कळलं की आम्ही हॉस्टेलात ज्या गाडीसाठी जीव टाकत होतो ती गाडी ही अशी असते.

एका वळणाशी मोठं झाड आलं. वहिनींनी गटाराकडे एक नजर टाकली, ब्रेकवर पाय ठेवला. गाडी शहाण्यासारखी मंदावली. त्या थांबल्या नाहीत. वळण घेऊन पुढे गेल्या आणि विनूला म्हणाल्या, "हीच ती जागा." विनूने त्यांच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. बघण्यासारखं पुष्कळ होतं.

घरी फाटकाच्या चढावर गाडी आली, सरळ वर चढली आणि अंगणात उभी राहिली. खालच्या वाडीतला तो म्हातारा फळी घेऊन कुंपणाशी तयारच होता. त्याची निराशा मला बघवली नाही. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

मी माझ्या लॅपटॉपची चेनसुद्धा न उघडता नागपूरला परतलो. सोबत फणसाची साठं, कोकम, आणि माईंचा निरोप की पुढच्या वेळी मासे वाचायला नव्हे, खायला ये. विनू जहाजावर गेला.

परवा त्याचा फोन आला. आवाज इतका खुशीत की मला वाटलं बढती मिळाली. म्हणाला, अरे, माई अंगणात पडली, मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. कारखान्याचं एक यंत्र बंद पडलं. आणि गाडीचा टायर पाली-खिंडीत फुटला.

मी म्हटलं, विन्या, यात हसण्यासारखं काय आहे?

"सुजातानं सांगितलंन रे," तो म्हणाला. "त्याच दिवशी फोन करून, सगळं सांगितलंन."